भंडारदऱ्याचे काजवे: अभयारण्यात जाताना नेमकं काय सांभाळायचं?

अनु_ठाणे

आमच्या सोसायटीतले 18 जण मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं म्हणतायत. त्यात 6 ते 12 वयाची पाच मुलं आणि सत्तरी ओलांडलेले दोघं आहेत. पाच गाड्या, शिवाय दोघं बाइकवर. शनिवारी दुपारी पोचायचं, रात्री काजवे, रविवारी परत, असा बेत आहे.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. दरवर्षी तिथल्या गर्दीच्या, गाड्यांच्या रांगांच्या बातम्या येतात, त्यात आपण भर घालू नये असं मनापासून वाटतं. तर विचारायचं आहे ते असं: कुठले दिवस धरावेत? परवानगी कशी मिळते? बॅटरीशिवाय मुलांना अंधारात चालवायचं कसं? डासांसाठी काय लावलेलं चालतं? आणि आपल्या जाण्याने काजव्यांना खरोखर त्रास होतो का, होत असेल तर नक्की कशाने?

---

घाटवाट_नाशिक

आधी दिवस ठरवा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

रोहिणी लागलं की (25 मेच्या सुमारास) काजवे दिसू लागतात. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की संख्या झपाट्याने वाढते, आणि मृगाचा पाऊस नीट धरला की ओसरते. म्हणजे हातात पंधरा-वीस दिवसच असतात आणि ते दरवर्षी पावसाप्रमाणे चार-सहा दिवस मागेपुढे सरकतात. ज्या संध्याकाळी हवा दमट, उबदार आणि पडलेली असते ती सगळ्यात चांगली. सोसाट्याचा वारा किंवा जोरदार सर असेल तर ते पानाआड बसून राहतात, मग कितीही थांबलं तरी हाती फारसं लागत नाही.

त्यात चंद्र बघा. चांदण्यात काजवे फिके पडतात. साधा हिशोब म्हणजे संकष्टी. त्या दिवशी चंद्र दहाच्या आसपास उगवतो, म्हणून संकष्टीपासून अमावास्येपर्यंत आणि पुढे दोन-तीन दिवस संध्याकाळ काळोखी मिळते. पौर्णिमेच्या आगेमागे जाऊच नका.

आता तुमच्या बेतातली सगळ्यात मोठी चूक: शनिवार. धरणाला वळसा घालणारा रस्ता, म्हणजे शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी, हा अरुंद आहे. समोरून एक मोठी गाडी आली की कुणाला तरी मागे घ्यावं लागतं. शनिवारी रात्री त्यावर शेकडो गाड्या येतात, कोंडी होते आणि तासन् तास शेकडो हेडलाइट झाडांवर पडत राहतात. काजवे बघायला आलेल्या गाड्याच काजवे विझवतात. सोमवार ते गुरुवार यातला दिवस काढा. शाळांना सुट्ट्याच असतात, मोठ्यांनी एक रजा टाकायची.

पाच गाड्यांऐवजी एक मिनीबस करा. दहा हेडलाइटचे दोन होतात आणि गाडी लावायला जागाही एकच लागते. ठाण्याहून कसारा घाट चढून घोटीला वळा, पुढे बारीमार्गे शेंडी. डिझेल घोटीतच भरा. शेंडीत चार-साडेचारपर्यंत पोचलात तर सूर्यास्ताआधी (त्या दिवसांत सातच्या सुमारास) मुक्कामी जाऊन रात्री चालायची वाट उजेडात बघून ठेवता येते. वाट दिवसा पायाखालून गेली असेल तर रात्री बॅटरीची गरज निम्म्याने कमी होते.

---

कीटकनोंदी

त्रास होतो का, या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट हो आहे. कशाने, तर मुख्यतः उजेडाने आणि पायांनी.

काजव्याचं लुकलुकणं म्हणजे त्याचं बोलणं. नर उडत किंवा झाडावर बसून ठरावीक लयीत चमकतो. मादी बहुधा खाली, गवतात किंवा झुडपावर बसलेली असते आणि पसंत पडलेल्या चमकेला उत्तर देते. त्या उत्तराच्या दिशेने नर खाली उतरतो. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही दिवसांचं, फार तर दोन-तीन आठवड्यांचं, आणि त्यातली रोजची संधी म्हणजे अंधार पडल्यानंतरचे दोन-तीन तास. तेवढ्यात पांढऱ्या बॅटरीचा झोत फिरला, फ्लॅश उडाला, हेडलाइट पडला की नर चमकणं थांबवतात आणि मादीचं मंद उत्तर त्या उजेडात दिसतच नाही. एखाद्या झाडासमोर रात्रभर असं चालू राहिलं तर त्या झाडावरची ती रात्र वाया गेली. असे आठ-दहा दिवस गेले की पुढच्या वर्षीची अंडी कमी, इतकं ते थेट आहे.

पायांचं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. झाडावर दिसतो तो नरांचा मेळा. खरा संसार जमिनीवर असतो. अंडी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात. त्यातून निघालेली अळी पुढचे कित्येक महिने तिथेच राहते आणि गोगलगायी, शेंबड्या (बिनशंखाच्या गोगलगायी) खाऊन वाढते. काजव्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ हा अळीचाच. म्हणून झाडाच्या अगदी बुंध्याशी जाऊन फोटो काढणं, गवतात सतरंजी पसरणं, वाट सोडून पंधरा जणांनी कडेकडेने उभं राहणं, यात आपण नेमक्या त्यांच्या माद्या आणि पुढची पिढी तुडवतो. मळलेल्या वाटेवरच उभं राहा. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवरून तर पूर्ण झाड एका नजरेत मावतं, जवळ जाऊन उलट कमी दिसतं.

बॅटरीबद्दल. काजव्यांच्या डोळ्यांना हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो, तांबडा कमी. आकाशकंदिलाला लावतो तो लाल जिलेटीनचा कागद घ्या, दोन-तीन घड्या करून छोट्या बॅटरीच्या तोंडावर रबराने बांधा. एक घडी पुरत नाही, पांढरा उजेड कडेने निसटतो. घरीच अंधाऱ्या खोलीत भिंतीवर टाकून तपासा: उजेड तांबडा आणि इतका मंद हवा की पुढची दोन पावलं दिसतील, भिंत नाही. मोबाइलच्या बॅटरीला कागद लावून चालत नाही, ती फार प्रखर असते. 18 जणांत चार बॅटऱ्या पुरेत, आणि झोत कायम जमिनीकडे. तांबडा आहे म्हणून झाडावर मारायचा नाही.

दुसरं असं की आपल्या डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकाने मोबाइल उघडला की शेजारच्या सगळ्यांचा सराव मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिली वीस मिनिटं काहीच न करता उभं राहिलात तर त्यानंतर बॅटरी नकोशी वाटते.

डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पॅन्ट, मोजे हाच उपाय. फवारा आणि कॉइल दोन्ही नकोत. कॉइलमध्ये कीटकनाशकच असतं, आणि कीटक बघायला जाऊन तेच पेटवणं बरोबर नाही. मलम लावायचंच असेल तर मुक्कामी, निघण्याच्या तासभर आधी, कपड्याखाली झाकल्या न जाणाऱ्या भागावर थोडं. ते लावलेल्या हाताने मग गवत, पानं, काजवे कशालाही शिवायचं नाही.

---

प्रवरेकाठ

परवानगीचं आणि गावचं मी सांगतो.

अभयारण्यात प्रवेश वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 खाली नियंत्रित आहे. प्राण्यांना छेडणं आणि कचरा टाकणं याच कलमात मना आहे, आग पेटवण्यावर कलम 30 आहे. व्यवहारात वनविभागाच्या नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क भरायचं, पावती घ्यायची आणि बाहेर पडेपर्यंत जपायची. काजव्यांच्या दिवसांत आत जायची आणि बाहेर पडायची वेळ वनविभाग त्या-त्या वर्षी ठरवतो, म्हणून मुक्काम ठरवताना यजमानांकडून यंदाची वेळ विचारून घ्या. गेल्या वर्षीचं कुणी सांगितलं त्यावर जाऊ नका. दारू, स्पीकर, शेकोटी, फटाके काहीच चालत नाही. ड्रोन तर आणूच नका.

मुक्काम गावातल्या घरी करा. जेवणाऱ्यांचा आकडा दुपारी बाराच्या आत कळवा, म्हणजे भाकरी-भात मोजून होतो आणि वाया जात नाही. जेवण सातच्या आत उरकून घ्या किंवा परत आल्यावर घ्या. मधल्या वेळात अंगणात दिवे लावून स्वयंपाक सुरू राहिला तर घराजवळच्या झाडांवर काही दिसणार नाही.

पाणी स्वतःचं आणा, माणशी तीन लिटर धरून. समोर एवढं धरण दिसतं म्हणून पाहुण्यांना वाटतं की पाणी मुबलक आहे, पण मे अखेरीस बऱ्याच वाड्यांच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि बायका लांबून पाणी आणतात. आंघोळ एका बादलीत, किंवा एक दिवस नाही केली तरी चालतं.

गाडी कुठे लावता याकडे फार लक्ष द्या. रस्त्याकडेला काळी, मोकळी, राख पसरलेली जमीन दिसेल. ती रिकामी जागा नव्हे, तो राब आहे. शेण, पालापाचोळा, फांद्या भाजून भाताचं रोप टाकायला तयार केलेला तो तुकडा असतो, आणि त्यातल्या रोपावर पुढे अख्ख्या खाचरांची लावणी होते. त्यावर गाडी गेली की माती दाबली जाते, पाऊस पडला की तिथे पाणी साचतं आणि बी कुजतं. गावाने ठरवून दिलेल्या मैदानातच गाडी लावा, दहा मिनिटं जास्त चालावं लागलं तरी.

वाटाड्या गावातलाच घ्या, आणि सहा जणांमागे एक या हिशोबाने तीन घ्या. कुठल्या झाडावर आज काजवे आहेत हे त्यांना संध्याकाळीच माहीत असतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडं आहेत, पण रोज तेच झाड भरेल असं नाही. तीन गट तीन वाटांनी गेले की एका झाडाखाली अठरा जणांची दाटी होत नाही.

बूट घोट्यापर्यंतचे घाला, चपला-सँडल नको. पहिल्या पावसात घोणस, नाग, मण्यार सगळेच बाहेर पडतात. पाय उचलून टाकायचा, घासत चालायचं नाही. चावा झालाच तर काप नाही, आवळपट्टी नाही, मंत्र नाही. माणसाला हलू न देता 108 ला फोन. बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठल्या टेकाडावर फोन लागतो आणि रात्री कुठल्या रुग्णालयात न्यायचं हे पोचल्या पोचल्या यजमानांना विचारून ठेवा. बिबट्याचा वावर आहे. मुलं गटाच्या मध्ये, पुढे-मागे मोठी माणसं.

---

अनु_ठाणे

मनापासून आभार. दिवस बदलतोय, मंगळवार-बुधवार बघतो, आणि मिनीबसचंही ठरतंय. तीन गोष्टी राहिल्या. दोघं बाइकवरच येणार म्हणतायत. एकाला कॅमेऱ्यावर फोटो काढायचेत. आणि मुलांना एक तरी काजवा हातात घेऊन बघायचाय, बाटलीत थोडा वेळ ठेवून सोडून दिला तर?

---

अंधारखोली

बाइकचं आधी. 1 एप्रिल 2017 पासून विकल्या गेलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेतो बंदच होत नाही. म्हणजे काजव्यांच्या झाडाजवळून बाइक न्यायची तर इंजिन बंद करून ढकलतच न्यावी लागेल. त्यापेक्षा त्या दोघांना मिनीबसमध्ये बसवा, नाहीतर बाइक मुक्कामीच राहू दे.

चारचाकीतही असे चोर-दिवे असतात. रिमोटने कुलूप लावलं की चारी इंडिकेटर उडतात, म्हणून किल्लीने लावा. काही गाड्यांचे हेडलाइट बंद केल्यावर अर्धा मिनिट जळत राहतात, ती सोय आधीच बंद करून ठेवा. दार उघडलं की छताचा दिवा लागतो, त्याचं बटण बंदवर सरकवा. अंगावरचं पण तपासा: मनगट उचललं की उजळणारं घड्याळ, आणि मुलांचे टाचेत दिवे लुकलुकणारे बूट! ते बूट दर वर्षी कुणाच्या तरी पायात असतातच.

आता फोटो. तिवई, हाताने फोकस करता येणारी रुंद लेन्स (f/2.8 किंवा त्याहून उघडी), बस. फोकस उजेड असतानाच, झाड जेवढ्या अंतरावर आहे तेवढ्यावर लावा, ऑटोफोकस बंद करा आणि फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी मारा. अंधार पडल्यावर फोकस करायला गेलात की कॅमेऱ्याचा मदतीचा दिवा झाडावर पडतो, तिथेच घोटाळा होतो. आयएसओ 800 ते 1600, एक्स्पोजर 15 ते 30 सेकंद, असे तीस-चाळीस फोटो एकाच जागेवरून घ्या आणि घरी एकावर एक रचा. झाडभर दिवे दिसणारी चित्रं अशी होतात, एका फोटोत ते येत नाही. झाडाचा आकार नीट यावा म्हणून एक फोटो संधिप्रकाशात घेऊन ठेवायचा, तोच तळाशी. रात्री झाड उजळायला कुणी बॅटरी मारत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असलं की तीस सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद घेतो, आणि निम्मा वेळ जातो. मागचा पडदा बंद, कार्डवर लिहिताना लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप. लेन्सवर दव धरतं, मऊ फडकं खिशात हवं.

मोबाइलवर हे सहसा नीट होत नाही. बऱ्याचदा फ्लॅश आपोआपवर राहिलेला असतो आणि पहिल्याच फोटोला उडतो. बाकी सतरा जणांचे फोन गाडीतच ठेवायला सांगा.

---

रानवाटा_पुणे

थोडं वेगळं मत मांडते. 361 चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात रात्रीचं पर्यटन एकाच रस्त्यावर आणि एकाच पंधरवड्यात होतं, आणि तो पंधरवडा नेमका काजव्यांच्या विणीचा. 18 जणांचा गट मला मोठाच वाटतो. काजवे फक्त भंडारदऱ्यालाच असतात असं नाही. सह्याद्रीत कर्जत, मुरबाड, जुन्नर, इगतपुरीच्या बाजूला, जिथे झाडी, ओल आणि अंधार टिकून आहे अशा वाड्यांवर ते दिसतात. मुलांना पहिल्यांदा दाखवायचं असेल तर ओळखीच्या कुणाच्या गावी, पाच-सहा जणांनी जाणं जास्त चांगलं. झाड भरून नाही दिसणार, शंभर-दोनशे दिसतील. सहा वर्षांच्या मुलाला ते पुष्कळ आहेत.

---

प्रवरेकाठ

ताई, गट लहान हवा हे मान्य. पण या दिवसांतल्या मुक्कामातून गावाला चार पैसे मिळतात, आणि झाड उभं ठेवण्यात गावाला फायदा दिसला तर ते टिकतं. लोक येऊ नयेत असं आमचं म्हणणं नाही. मंगळवारी यावं, मुक्काम करावा, हळू बोलावं. रात्री येऊन गाडीतूनच बघून पहाटे परत जाणाऱ्यांमुळे गावाला काही मिळत नाही आणि उजेड-कचरा तेवढा राहतो.

---

कीटकनोंदी

मलाही रानवाटांचं म्हणणं पटतं, विशेषतः सत्तरीच्या पुढच्यांसाठी. त्यांनी घराच्या ओसरीवरून, दिवे मालवून बघावं. वाडीतल्या झाडांवरही काजवे येतात, रात्री दगडधोंड्यांतून चालायचं कारण नाही.

बाटलीचं मात्र नको, थोडा वेळही नको. हातातल्या घामाने, दाबाने पंख चिकटतात. बाटलीत दमट हवा कोंडते आणि तो धडपडून थकतो. त्याची एक संध्याकाळ म्हणजे आयुष्याचा मोठा हिस्सा आहे. फांदी हलवून झाड चमकवून दाखवणारेही भेटतात, ते करू द्यायचं नाही. शिवाय अभयारण्यातून कुठलाही जीव उचलायचा नसतो, हे मुलांना तिथे जायच्या आधी घरी सांगा. तिथे ऐन वेळी सांगितलं की रडारड होते.

त्याऐवजी मुलांना काम द्या. एखाद्या भरलेल्या झाडासमोर उभं करून मनात आकडे मोजायला लावा: एक लखलखाट झाला की पुढचा किती आकड्यांनी होतो? झाड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पेटत जातं की एकदम? मग नजर खाली, गवतावर. तिथे एखादा एकटा, मंद, न उडणारा ठिपका शोधायचा. वर लखलखाट झाला की लगेच मागून तो ठिपका चमकतो का, हे बघायचं. बहुधा ती मादी असते. सापडली की बोट दाखवून कुजबुजायचं आणि जागचं हलायचं नाही. दहा-बारा वर्षांची मुलं यात अर्धा तास सहज रमतात.

---

अनु_ठाणे

गट दोन भागांत करतोय: नऊ जण मंगळवारी, नऊ पुढच्या आठवड्यात. आजी-आजोबा ओसरीवर. दिवे लागणारे बूट दोघांच्या पायात आहेत, ते आजच बदलायला सांगितले.

---

घाटवाट_नाशिक

हे उत्तम झालं. निघायच्या आदल्या दिवशी यजमानांना एक फोन करा आणि फक्त दोन गोष्टी विचारा: काल संध्याकाळी काजवे कुठल्या बाजूला होते, आणि पाऊस किती झाला. सलग दोन दिवस जोरदार पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. रात्री वाटेत कुठे वणवा, शिकारीचा संशय किंवा जखमी जनावर दिसलं तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच भरून ठेवा. भंडारदऱ्याचं विल्सन धरणही 1926 मध्येच पुरं झालं, त्यामुळे लक्षात राहायला सोपा आहे.